गृहारोग्य : दुधाच्या दांतांची कीड

“पडणारेच दांत ते, त्यांची एवढी चिंता कशाला?” असें घरांतील वडील मंडळी सहज म्हणतात. परंतु दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. त्या अकालीं गेल्यास मागून येणाऱ्या कायमच्या दांतांची जागा चुकते. गोड पदार्थांपासून तोंडांतील जंतु आम्ल उत्पन्न करितात व तें दांतांच्या कवचांतील खनिजें विरघळवितें. तीं पुन्हा जमण्यास फ्लोराइड साहाय्य करितें. १९४५ सालीं अमेरिकेंतील ग्रँड रॅपिड्स शहरीं नळाच्या पाण्यांत दशलक्ष भागांस एक भाग फ्लोराइड मिसळण्यास आरंभ झाला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दांतांची कीड ६० टक्क्यांहून अधिक घटली.

मात्र अतिरेक येथेंहि घातकच. यवतमाळ-चंद्रपुराकडील कांहीं गांवांत भूजलांतच फ्लोराइड अधिक असल्यामुळें दांतांवर डाग पडतात. म्हणून फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, पुढें सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच द्यावी, व ती थुंकावयास शिकवावें. दंतवैद्याच्या सल्ल्यानें वर्षांतून दोनदां फ्लोराइडचा लेप लावून घ्यावा. आजीबाईंनीं नातवंडांचे लाड अवश्य करावे. निजतांना तोंडांत खडीसाखर मात्र घालूं नये!