किकला जोर नको, अक्कल हवी

जुनी बुलेट सुरू करायला अंगात दम लागतो, हे आपल्याकडे बापाकडून पोराकडे चालत आलेलं साफ खोटं आहे. जरीपटक्याच्या बाजारात असो की इंदोऱ्याच्या चौकात, जुनी गाडी अडली की चार माणसं गोळा होतात आणि चौघांचा सल्ला एकच: जोर लाव! पोरगा उड्या मारतो, घामाघूम होतो, आणि एखाद्या किकला गाडी उलटा फटका देते. नडगी सुजते, घोटा दुखावतो. त्यावरचा उपायही तोच: मर्द आहेस ना, पुन्हा मार!

मी शिक्षक आहे. चुकीचं शिकवल्यामुळे मूल जखमी होत असेल तर दोष मुलाचा नाही, शिकवणाऱ्याचा आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. जुन्या ३५० बुलेटचं इंजिन ३४६ सीसीचं, सिलिंडर एकच. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत एकदा पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो. या दाबाशी पायाने भांडायचंच नसतं.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, चावी लावा, किक हळूहळू दाबत न्या. जिथे ती कडक होऊन अडते तिथे थांबा. पॉइंटवाल्या गाडीत हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरचा काटा याच सुमारास मधोमध येतो. आता डाव्या हाताखालचा डीकम्प्रेसर ओढा. त्याने एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि दाब निघून जातो. किक अगदी थोडी पुढे सरकवा, डीकम्प्रेसर सोडा, दांडा पुन्हा वर येऊ द्या. पिस्टनने माथा ओलांडला. मग अॅक्सिलरेटरला हात न लावता एक सलग, थेट खालपर्यंत जाणारी किक. पुढचा दाब येईपर्यंत जड फ्लायव्हीलला जवळजवळ दोन फेऱ्या मोकळ्या मिळतात. दाब तो पार करतो, तुमचा पाय नाही.

उलटा फटका का बसतो, तेही ऐका. पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या जरासं आधी ठिणगी पडते. वेगात असलेलं इंजिन माथा ओलांडून पुढे निघून जातं. पण अर्धवट किकमध्ये पिस्टन तिथेच रेंगाळतो, स्फोट त्याला मागे ढकलतो आणि दांडा पायावर उसळतो.

ऋतूचंही भान हवं. जानेवारीच्या गारठ्यात चोक लागतो. नागपूरच्या मे महिन्यात तापलेल्या गाडीला चोक दिला तर पेट्रोल जास्त होतं. अशा वेळी चावी बंद, पेट्रोलचा कॉक बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि डीकम्प्रेसर ओढून चार-पाच किक मारा. जास्तीचं पेट्रोल निघून जाईल. मग पुन्हा पहिल्यापासून.

सांगा, यात मर्दानगी कुठे आली?

कोणी म्हणेल, सर, आता बटणाचा जमाना आहे, २०२१ च्या नव्या क्लासिकला तर किकच नाही. खरं आहे. पण नवी क्लासिक कोण घेतो आणि तिसऱ्या हाताची जुनी गाडी कोणाच्या पोराच्या वाट्याला येते, हेही तपासा. पाय त्याचाच मोडतो, आणि त्या दिवसाची मजुरीही त्याचीच बुडते.

आता खरं दुखणं. तीच हट्टी गाडी काटकुळा मिस्त्री एका किकमध्ये सुरू करतो, तेव्हा आपण म्हणतो, "त्याचा हात बसलाय." म्हणजे त्याला सवय आहे, अक्कल नाही! आपल्या बोलीत इल्म वेगळा आणि हुनर वेगळा. इल्म पदवीवाल्याचा, हुनर काळ्या हातांचा. पण दाब, ठिणगी, फ्लायव्हील हा फिजिक्सचा धडा नाही तर काय आहे? तो शाळेबाहेर शिकला म्हणून त्याची किंमत कमी कशी होते?

समाजमाध्यमांवर मुसलमानाला हिणवायला 'पंक्चरवाला' म्हणतात. आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. पण मुलीच्या स्थळाच्या वेळी "लडका मेकॅनिक है" ऐकून चेहरे कोणाचे पडतात? आपलेच ना? शिवी देणाऱ्याचं आणि आपलं एका गोष्टीवर एकमत आहे, की हाताचं काम हलकं. जोवर हे एकमत मोडत नाही तोवर आपल्या रागात दम नाही.

म्हणून साधी मागणी आहे. जुनी गाडी पोराच्या, आणि हो, पोरीच्याही हाती देण्याआधी तिला एक तास गॅरेजात पाठवा. किक ताकदीवर चालत नाही, म्हणून ती पोरींनाही जमते. मिस्त्र्याला त्या तासाचे पैसे द्या, ट्यूशनवाल्याला देता तसेच, घासाघीस न करता. आणि मुलांना सांगा, हे तुमचे उस्ताद आहेत. सलाम करूनच बसा.