दोष गळ्याचा की यंत्राचा?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि संगीताची तालीम बैठकीतून मोबाईलच्या पडद्यावर आली. टाळेबंदी उठली, तरी रत्नागिरीसारख्या गावांत ही पद्धत टिकून राहिली; कारण मुंबई-पुण्याच्या गुरूंकडे दर आठवड्याला जाणे दुकान, शाळा सांभाळून शक्य होत नाही. मूल माडीवर बसून गाऊ लागते आणि पलीकडून गुरुजी म्हणतात, ‘सूर ठरत नाही, आवाज फाटतो आहे.’ आई-वडील मुलाकडे पाहतात, मूल मान खाली घालते. असे चार-सहा वेळा घडले की त्याची गाण्यावरील श्रद्धाच उडते.

सुज्ञ वाचकहो, रोजमेळ जुळला नाही, तर आपण लगेच मुनिमावर आळ घेत नाही. एकेक नोंद पडताळून पाहतो. येथेही तोच न्याय लावावयास हवा.

मूळ गोष्ट अशी की, झूम किंवा गूगल मीट यांसारखी साधने प्रामुख्याने बोलण्यासाठी घडविलेली आहेत. बोलण्यात शब्द येतो, थांबतो, पुन्हा येतो. जो ध्वनी न थांबता एकसारखा चालू राहतो, त्याला हे यंत्र गोंगाट समजते आणि दाबून टाकते. पत्र्यावर कोसळणारा आषाढातील पाऊस आणि तंबोऱ्याचा अखंड झंकार यांत त्याला भेद कळत नाही. दीर्घ श्वासाने लावलेला षड्जही त्यामुळे मध्येच विरतो. भरीस भर म्हणून यंत्र हळू स्वर आपोआप मोठा करते आणि मोठा लहान करते. मग आलापातील चढ-उतार सपाट होतात.

म्हणून प्रथम आवाजास नेमके काय होते, ते ओळखावे. आवाज विरत असेल, तर झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सोय चालू करावी. गूगल मीटमध्ये ‘नॉइज कॅन्सलेशन’ बंद करावे. आवाज फाटत असेल, तर मोबाईल तोंडाच्या किंवा पेटीच्या फार जवळ आहे असे समजावे. तो दोन-तीन हात दूर ठेवावा. आवाज तुटत असेल, तर दोष बहुधा नेटचा असतो. वायफायच्या यंत्राजवळ बसावे आणि तेवढा वेळ घरातील इतर मोबाईलवरील चित्रफिती बंद ठेवाव्यात. आवाज घुमत असेल, तर गुरुजींचा स्वर आपल्या स्पीकरमधून निघून पुन्हा आपल्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आहे. त्यावर तारेचा हेडफोन हा सोपा उपाय होय. बिनतारी हेडफोनमुळे आवाज आणखी उशिरा पोहोचतो, म्हणून तालमीस तो टाळावा.

एक दोष मात्र कोणत्याही बटणाने जात नाही. ध्वनी नेटवरून जाण्या-येण्यात काही काळ खर्च होतोच. तो पाव सेकंद धरला आणि द्रुत तीनतालाची लय मिनिटास २४० मात्रा असली, तर गुरुजींचा ठेका ऐकून शिष्याने अचूक गाठलेली सम त्यांना पूर्ण एक मात्रा उशिरा ऐकू येते. ‘बेताल’ हा शिक्का अशा वेळी निरपराधावर बसतो. यास्तव दोघांनी एकाच वेळी गाऊ नये. गुरुजींनी म्हणावे, शिष्याने ऐकावे. मग शिष्याने म्हणावे, गुरुजींनी ऐकावे. ठेका व तंबोरा जो गात असेल त्याच्याच खोलीत वाजावा. समोरासमोरच्या तालमीतही बहुतांशी हीच रीत असते.

एवढे करूनही शंका उरली, तर कसोटी सोपी आहे. तालीम चालू असताना दुसरा मोबाईल शेजारी ठेवून मुलाचे गाणे मुद्रित करावे आणि नंतर गुरुजींकडे पाठवावे. त्या मुद्रणात स्वर स्थिर आणि लय बिनचूक असेल, तर मूल निर्दोष ठरते. तेथेही स्वर ढळत असेल, तर मात्र मेहनत वाढवावी. दोन्ही निकाल उपयोगाचेच आहेत, कारण ते तपासून मिळालेले आहेत.

यंत्र कितीही सुधारले, तरी प्रत्यक्ष श्रवणाची जागा ते घेत नाही. आपल्याच गावात थिबा राजवाड्याच्या प्रांगणात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव होतो. मुलांना तेथे अवश्य न्यावे. तंबोऱ्याचा झंकार यंत्राची गाळणी न लागता कानी पडला, म्हणजे पडद्यावर काय हरवते हे त्यांना न सांगता उमगेल.

मुलाच्या स्वराचे माप घेण्यापूर्वी तराजू तपासावा, एवढीच या महिन्याची विनंती.