मैदान नक्की कोणाच्या बापाचं?

"ज्याची जमीन, तो विकेल. तुम्ही कोण सांगणारे?"

हा युक्तिवाद ऐकला की माझं डोकं फिरतं. इंग्लंडमधले पाठीराखे आपल्या क्लबचं मैदान वाचवायला धडपडतायत असा विषय निघाला, की आमच्या हापिसात कोणीतरी हे वाक्य टाकतंच. टाकणाऱ्याच्या अंगात बहुतेक वेळा त्याच देशातल्या एखाद्या क्लबची जर्सी असते (फ्रायडे ड्रेसिंग, दुसरं काय!). जेवणाच्या सुट्टीत हे नीट मांडता येत नाही, म्हणून हा वीकांताचा उद्योग.

ऑक्सफर्ड युनायटेडचं बघा. १९९९मध्ये कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला हा क्लब फिरोझ कस्सम नावाच्या हॉटेलवाल्याने घेतला. किंमत एक पौंड, वर कर्जाचा बोजा. रखडलेलं नवं स्टेडियम त्याने पूर्ण केलं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. २००१मध्ये क्लब जुनं मॅनर ग्राउंड सोडून तिथे गेला. नाव काय, तर कस्सम स्टेडियम! स्टँड तीनच बाजूंना, चौथी बाजू आजही मोकळी, पलीकडे गाड्या लावलेल्या. जुन्या मैदानाच्या जागी खाजगी हॉस्पिटल झालं. २००६मध्ये कस्समने क्लब विकला, पण स्टेडियम स्वतःकडेच ठेवलं. क्लब झाला भाडेकरू आणि मैदान झालं एका कंपनीच्या ताळेबंदातली ओळ. उद्या तिथे फ्लॅट बांधणारा कोणी गाठ पडला, तर दर शनिवारी येणाऱ्या माणसाला ते वर्तमानपत्रातून कळणार.

म्हणून २०१३मध्ये तिथल्या पाठीराख्यांच्या ट्रस्टने एक अर्ज केला. २०११च्या लोकॅलिझम ॲक्टमध्ये 'असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू' अशी तरतूद आहे. गावातला पब, वाचनालय, मैदान वगैरे जागा समाजाच्या दृष्टीने मोलाची आहे असं स्थानिक कौन्सिलला पटलं, तर ती यादीत जाते. कस्सम स्टेडियम गेलं. त्याच वर्षी ओल्ड ट्रॅफर्ड आणि ॲनफिल्डसुद्धा गेलं. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, झालं, मैदान वाचलं.

कसलं वाचलं! कायदा काय देतो ते बघा. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाला जागा विकायची झाली तर त्याने आधी कौन्सिलला कळवायचं. सहा आठवड्यांत एखाद्या स्थानिक गटाने "आम्हाला बोली लावायची आहे" असं सांगितलं, तर विक्री सूचनेच्या दिवसापासून एकूण सहा महिने थांबते. या काळात पैसे उभे करा. सहा महिने संपले की मालक मोकळा. तुमची बोली त्याने स्वीकारलीच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. जास्त पैसे देणाऱ्याला तो खुशाल विकू शकतो. ओल्ड ट्रॅफर्डसाठी सहा महिन्यांत वर्गणी गोळा करा म्हणजे काय, गणेशोत्सव आहे का हा?

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा लॉक नाही, अलर्ट आहे. कोणीतरी प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवणार आहे याची ईमेल तुम्हाला आधी येईल, पण उडवायची परमिशन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहील. आणि त्या अलर्टलाही भोकं आहेत. एकाच गटातल्या दोन कंपन्यांमध्ये जागा इकडची तिकडे केली तर हा सहा महिन्यांचा नियम लागूच होत नाही. आता डर्बी काउंटी आठवा. २०१८मध्ये क्लबने आपलं प्राइड पार्क स्टेडियम क्लबच्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला ८ कोटी ११ लाख पौंडांना विकलं. या खिशातून त्या खिशात. २०२१मध्ये क्लब दिवाळखोरीच्या दारात गेला, तेव्हा क्लब एकीकडे आणि मैदान दुसरीकडे असा गुंता होऊन बसला होता. २०२२मध्ये एका स्थानिक बिल्डरने, जो स्वतः डर्बीचा चाहता आहे, स्टेडियम आणि क्लब दोन्ही घेतलं म्हणून निभावलं. नशीब म्हणायचं. दर वेळी बिल्डर आपल्याच टीमचा निघेल यावर कायदा चालत नाही.

मग अर्ज करायचा कशाला? असं विचारणारे शहाणे मला जास्त खटकतात. अर्ज करायचा, कारण घंटा नसली तर काय होतं ते ब्रायटनला विचारा. गोल्डस्टोन ग्राउंड हे १९०२पासूनचं घर १९९५मध्ये विकलं गेलं, आणि नवं मैदान कुठे, याचा पत्ता नव्हता. क्लबच्या घटनेत पूर्वी एक कलम होतं: क्लब गुंडाळला तर मैदानाच्या पैशावर भागधारकांना हात मारता येणार नाही. ते कलम काढून टाकलंय हे शोधलं कोणी? एका पाठीराख्याने, कागदपत्रं उलटून. २६ एप्रिल १९९७ला तिथे शेवटची मॅच झाली, नंतर रिटेल पार्क उभं राहिलं. क्लब दोन वर्षं लांब जिलिंगहॅमला जाऊन 'घरचे' सामने खेळला, मग बारा वर्षं एका ॲथलेटिक्सच्या ट्रॅकवर. स्वतःचं स्टेडियम मिळायला २०११ उजाडलं. आधी सहा महिने मिळाले असते तर पैसे जमलेच असते असं मी म्हणत नाही, पण कागदपत्रं उलटायला वेळ मिळाला असता. शिवाय त्या जागेवर दुसरं काही बांधायची परवानगी मागितली गेली, तर यादीतली नोंद कौन्सिल विचारात घेऊ शकते.

आणि खरी मेख त्या परवानगीतच आहे. "ज्याची जमीन" म्हणणाऱ्यांनी जरा इथे लक्ष द्यावं. फक्त खेळायला परवानगी असलेल्या जमिनीचा भाव आणि त्याच जमिनीवर दुकानं किंवा फ्लॅटची परवानगी मिळाल्यावरचा भाव, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो फरक मालकाने कमावलेला नसतो. तो कौन्सिलच्या एका सहीने तयार होतो, आणि कौन्सिल लोकांचं असतं. मग त्या फरकावर लोकांनी हक्क सांगितला की ती खाजगी मालमत्तेवर गदा कशी? विम्बल्डनच्या जुन्या प्लाउ लेनला तर अट होती: खेळाव्यतिरिक्त कशासाठी जागा विकायची तर कौन्सिलला ती नाममात्र किमतीत परत घेता येईल. हा खरा लॉक! पण क्लबच्या मालकाने पैसे मोजले आणि कौन्सिलने ती अट सोडून दिली. १९९१मध्ये क्लब तिथून बाहेर पडला, पुढे जागा सुपरमार्केटवाल्यांना गेली आणि शेवटी फ्लॅट झाले. २००३मध्ये क्लबच उचलून मिल्टन कीन्सला नेला. पाठीराख्यांनी २००२मध्येच स्वतःचा नवा क्लब काढला होता, तो २०२०मध्ये प्लाउ लेनवर परतला.

म्हणजे किल्ली कौन्सिलकडे ठेवूनही भागत नाही. चार्ल्टनवाल्यांनी तर किल्लीवाल्यांनाच धरलं. व्हॅली या मैदानावर परतायच्या योजनेला कौन्सिलने नकार दिला, तेव्हा त्यांनी चक्क 'व्हॅली पार्टी' काढून १९९०ची कौन्सिलची निवडणूक लढवली. एकही जागा आली नाही, पण १४ हजारांवर मतं पडली. डिसेंबर १९९२मध्ये क्लब व्हॅलीवर होता.

चेल्सीची तऱ्हा याहून पक्की. स्टॅमफर्ड ब्रिजची जमीन आणि क्लबचं नाव १९९३मध्ये काढलेल्या 'चेल्सी पिच ओनर्स' या कंपनीकडे आहे, आणि तिचे शेअर सामान्य पाठीराख्यांकडे. मैदान सोडलं तर 'चेल्सी फुटबॉल क्लब' हे नावही सोडायचं! ऑक्टोबर २०११मध्ये अब्रामोविचच्या क्लबने ही जमीन परत मागितली. ७५ टक्के मतं हवी होती, साधारण ६२ टक्के पडली. अब्जाधीश हात हलवत परत. याला म्हणतात संरक्षण.

आता आपल्याबद्दल. हो, पुण्या-मुंबईत रात्री दीड वाजता मॅच बघणाऱ्या तुमच्या-माझ्याबद्दल. मैदान हलवायचं असलं की मालकांचा लाडका मुद्दा असतो: क्लब आता ब्रँड आहे, चाहते जगभर आहेत, चार गल्ल्यांतल्या लोकांसाठी अडून कसं चालेल? ते जगभरचे चाहते म्हणजे आपण. आपलं नाव सांगून त्या चार गल्ल्यांना गप्प केलं जातं, आणि आपण वर "ज्याची जमीन तो विकेल" म्हणून त्यात भर घालतो. अहो, आपल्याला टीव्हीवर जे आवडतं तो गोंगाट, ती गाणी, ते पिढ्यान् पिढ्या एकाच स्टँडमध्ये उभं राहणं, ते सगळं त्या चार गल्ल्यांनीच बनवलंय. आपण फक्त सबस्क्रिप्शन भरलंय.

२०२५च्या फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्टने वरच्या पाच स्तरांतल्या क्लबांचं बरंच भलं केलंय. मैदान विकायचं किंवा तारण ठेवायचं तर आता स्वतंत्र नियामकाची मंजुरी लागते. जुलै २०२५मध्ये मांडलेल्या दुसऱ्या एका विधेयकात सहा महिन्यांचे बारा करायचा आणि स्थानिक गटाला खरेदीचा पहिला हक्क द्यायचा प्रस्ताव होता. उशिरा का होईना, गाडी रुळावर येतेय.

पण पाच स्तरांच्या खाली काय? डलिच हॅम्लेटला २०१८मध्ये जमीनमालकाने त्यांच्याच चॅम्पियन हिल मैदानाबाहेर काढलं, वर मालकाशी संबंधित कंपनीने क्लबच्या नावाचे ट्रेडमार्क स्वतःकडे नोंदवले. आरडाओरडा झाला, खासदार बोलले, कौन्सिल उतरली, तेव्हा कुठे डिसेंबरमध्ये क्लब घरी आला. अशा क्लबांना नियामक नाही. त्यांच्याकडे अजून तोच कौन्सिलचा अर्ज आहे. नोंदणीकृत संस्था लागत नाही, २१ स्थानिक मतदारांचा गट पुरतो. ज्या मैदानावर शे-दोनशे माणसं येतात, तिथे एका शनिवारी मध्यंतराच्या चहाच्या रांगेत तेवढी नावं होतात.