दाताला तार लावली, आता घासायचं कोणी?



पूर्वी दाताला तार लावलेलं मूल म्हणजे शहरातलं मूल, असं आपण धरून चालायचो. आता आमच्या करकंबमध्येही सहावी-सातवीच्या वर्गात एखादं मूल अचानक तोंडावर हात धरून हसायला लागतं आणि चार दिवसांनी कळतं, की त्याच्या दाताला क्लिप बसलीय. उसाचं बिल जमा झालं की घरात कामांची यादी निघते. सोसायटीचं कर्ज, पाइपलाइन, गाडीचा हप्ता. त्या यादीत आता पोरीचे दात आले आहेत. मला ही चांगली गोष्ट वाटते. (मुलाचे दात त्या यादीत क्वचितच असतात. मुलीचे असतात, कारण "पुढं लग्नाला अडचण नको". वाकडे दात नीट घासता येत नाहीत, चावताना त्रास होतो, म्हणून ते सरळ करायचे असतात आणि हे कारण मुलालाही तेवढंच लागू आहे. असो.)

माझं म्हणणं वेगळं आहे. तार बसवणं हे डॉक्टरांचं काम. ती बसल्यावर दात स्वच्छ ठेवणं हे घराचं आणि शाळेचं मिळून काम आहे. त्यातला शाळेचा वाटा आपण उचलतच नाही. आणि घरातला वाटाही बारा वर्षांच्या लेकरावर टाकून मोकळे होतो.

साधं गणित मांडू. हे उपचार साधारण दीड-दोन वर्षं चालतात. डॉक्टर महिना-सव्वा महिन्यातून एकदा मुलाला बघतात. म्हणजे दोन वर्षांत फार तर वीस-चोवीस भेटी. तेवढ्याच काळात दिवस होतात ७३०, आणि दिवसातून दोनदा धरलं तर दात घासायच्या वेळा होतात १४६०. आता शाळेचं बघा. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस कामाचे सांगितले आहेत. दोन वर्षांचे ४४०. इतक्या दुपारी ते मूल आपल्यासमोर, शाळेच्या व्हरांड्यात बसून जेवतं, आणि दातात अडकलेल्या भातासकट संध्याकाळपर्यंत वर्गात बसतं.

त्या अडकलेल्या घासाचं काय होतं, हे पालकांना कुणी नीट समजावून सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. दातावर जो चिकट थर साचतो त्यात जंतू असतात. साखर, पिष्ट मिळालं की ते आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातून खनिजं निघायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल सौम्य करते आणि गेलेली खनिजं थोडीफार परत भरते. त्याला अर्धा ते एक तास लागतो. ही चढउतार प्रत्येकाच्या तोंडात रोज होते. तार लावलेल्या मुलाची अडचण ही, की प्रत्येक दातावर एक चौकोनी बटण चिकटवलेलं असतं, त्यावरून तार, त्यावर रबरी रिंगा. थर साचायला शेकडो कोपरे तयार होतात. जीभ तिथं पोचत नाही, गालाची घासणी पोचत नाही, लाळही नीट पोचत नाही. मग बटणाच्या कडेनं, हिरडीच्या बाजूला, खडूनं रेघ ओढावी तसा पांढरा डाग पडतो. त्याला वर्षभर लागत नाही. स्वच्छता नसेल तर चारेक आठवड्यांतसुद्धा तो दिसायला लागतो. म्हणजे डॉक्टरांची पुढची भेट यायच्या आत.

हा डाग म्हणजे कीड लागण्याची पहिली पायरी. वेळेत लक्षात आलं तर तिथंच थांबवता येतो, पण बऱ्याचदा खूण राहते. मग दोन वर्षांनी तार निघते, दात ओळीत येतात आणि प्रत्येक दातावर बटणाच्या जागी चांगला दात आणि भोवती पांढरी चौकट. ज्या हसण्यासाठी एवढा खर्च केला ते हसणं पुन्हा हाताआड. यात दोष तारेचा नसतो. तारेनं दात किडत नाही, तारेभोवती राहिलेल्या घाणीनं किडतो.

दुसरी गोष्ट हिरड्यांची. तार लावल्यावर महिन्या-दोन महिन्यांत हिरड्या सुजतात, ब्रश लागला की रक्त येतं. आणि इथं घरोघरी एकच चूक होते. आई म्हणते, "रक्त येतंय ना, मग नको घासू आठ दिवस." मायेनं म्हणते, पण उलटं होतं. बहुतेक वेळा रक्त येतं ते तिथं घाण साचून हिरडी सुजली म्हणूनच. तिथं घासणं बंद केलं की घाण वाढते, सूज वाढते, रक्त वाढतं. मऊ ब्रशनं, हलक्या हातानं, पण तिथंच नीट घासायचं असतं. आठ-दहा दिवस असं करूनही थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवायचं. शिक्षक म्हणून आपण पालकसभेत एवढं एक वाक्य सांगितलं तरी पुष्कळ झालं.

आता घासायचं कसं. आपण पहिली-दुसरीत 'दात घासा' शिकवतो, कृती करून दाखवतो, गाणं म्हणतो. आणि मग तो विषय संपतो. नेमका ज्या वयात पक्के दात आलेले असतात, तार लागते, दुकानातली पाकिटं स्वतःच्या पैशानं घेता येतात, त्या वयात आपण परत कधी दातांबद्दल बोलत नाही. तार असलेल्या मुलाला तर जुनं घासणं पुरतच नाही. आधी तोंडात पाणी घेऊन जोरात खळखळून चुळा भरायच्या, म्हणजे मोठे कण निघतात. मग ब्रश तिरका धरून तारेच्या वरच्या बाजूनं, हिरडी आणि बटण यांच्या मधल्या पट्टीत, छोटे गोल फिरवायचे. मग खालच्या बाजूनं तसंच. मग बटणांवरून. मग आतली बाजू आणि दाढांचा माथा, जो सगळेच विसरतात. शेवटी तारेखाली जायला बारीक निमुळता ब्रश मिळतो, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू म्हणा, तो प्रत्येक दोन दातांच्या मध्ये तारेखालून घालायचा. आरशासमोर उजेडात उभं राहून करायचं. चार-पाच मिनिटं लागतातच. फ्लोराइड असलेली साधी पेस्ट चालते, वाटाण्याएवढी पुरते. भारी किमतीची खास पेस्ट घेतली आणि दीड मिनिटात उरकलं तर काही उपयोग नाही. बारीक ब्रशचा खर्च मात्र टाळू नका. आणि नेहमीच्या ब्रशचे केस तारेमुळे लवकर फाकतात, फाकले की बदला, तीन महिने व्हायची वाट बघू नका.

सकाळचं एक वेळ गडबडीत झालं तर झालं. रात्रीचं चुकवायचं नाही. झोपेत लाळ कमी सुटते, तोंड स्वतःला धुऊ शकत नाही.

आजी-आजोबा म्हणतील, आम्ही कडुलिंबाच्या नाहीतर बाभळीच्या काडीनं घासलं, राखुंडीनं घासलं, आमचे दात बघा. त्यांचा मान राखून सांगावं लागतं, की तुमच्या दाताला तार नव्हती. काडीचे तंतू तारेत अडकतात आणि बटणाच्या कडेला काडी जातच नाही. राखुंडी खरखरीत, ती दाताचं आवरण झिजवते. आणि मशेरीचं तर नावच नको. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ मध्येच बंदी घातली, पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला कोण बंदी घालणार? "हिरड्या सुजल्यात तर जरा मशेरी लाव, बरं वाटतं," असं नातीला सांगणारी आजी आपल्या गावात आहे. बरं वाटतं ते तंबाखूच्या गुंगीनं. इथं पालकांनी मऊ बोलावं, पण ठाम राहावं.

खाण्याचं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात हा भाग जास्तच अवघड आहे हो! कडक भाकरी, शेंगा चटणी, चिक्की, भाजलेला हरभरा, कणीस, आणि हंगामात दारात ऊस. दात आहेत तर चणे नाहीत ही म्हण इथं उलटी होते. दातही आहेत, चणेही आहेत, पण डॉक्टरांची बंदी आहे. ऊस सोलून खाल्ला की दात साफ होतात असं आमच्याकडं ठामपणे सांगतात. चोथ्यानं दात घासले जातात हे खरं धरलं तरी त्याच वेळी तोंड साखरेच्या पाण्यानं भरतं. आणि तार असेल तर पहिल्याच पेऱ्याला बटण निखळतं. बटण निखळलं की तो दात तिथंच थांबतो, उपचार लांबतात. मुलाला नुसतं "खाऊ नको" म्हणू नका, ते बांधावर जाऊन खाणारच. कडक भाकरी आमटीत कुस्करून द्या. पेरूच्या पातळ फोडी करून द्या. कणसाचे दाणे काढून उकडून द्या. शेंगा चटणी मात्र खाल्ल्याबरोबर चूळ भरायची या अटीवर, कारण तिचे कण तारेखाली असे बसतात की विचारू नका.

किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत १९४० च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या खायला देऊन दात किती किडतात ते बघितलं गेलं. अशा लोकांवर असा प्रयोग करणं हे क्रूरच, आज कुणी करू शकणार नाही. पण त्यातून जे कळलं ते पक्कं आहे. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेनं फार कमी, आणि मधल्या वेळेत सारख्या चघळलेल्या चिकट गोडानं भरमसाट कीड. त्यानंतर तिकडं मुलांना गोळ्या-चॉकलेट फक्त शनिवारी द्यायची पद्धत रुजली. आपल्याकडं आठवडी बाजाराचा दिवस आहेच की. त्या दिवशी खाऊ, एकदाच, आणि नंतर ब्रश. वर्गात वाढदिवसाला टॉफ्या वाटायच्या बंद करून एखादं केळं, बोरं वाटली तर आपलंही काही बिघडत नाही.

आता शाळेचा वाटा. पोषण आहारापूर्वी हात धुण्याची रांग आपण लावतोच. जेवणानंतर तशीच चुळा भरायची रांग लावायला तीन मिनिटं लागतात. एक तांब्या पाणी दोघांना पुरतं, त्यामुळं उन्हाळ्याचं पाणी आटल्याचं कारण सांगू नका. तार असलेल्या मुलानं तिथंच ब्रश करावा. पण त्याला एकट्याला करायला लावू नका! एकट्याला उभं केलं की "लोखंड्या", "जेसीबी" सुरू होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते मूल ब्रश घरी विसरायला लागतं. ज्याला आणता येईल त्या सगळ्यांनी ब्रश आणावा, नाव लिहिलेल्या पट्टीत उभा ठेवावा, उघडा, एकमेकांना न चिकटता. हंगामात ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली काही लेकरं आपल्या वर्गात बसतात, त्यांच्यातल्या कित्येकांकडं स्वतःचा ब्रशच नसतो. तारेच्या निमित्तानं त्यांच्या हातात ब्रश आला तर याहून चांगलं काय! दहा-पंधरा रुपयांच्या ब्रशला गावातला कुणीही दाता नाही म्हणणार नाही.

"अभ्यासक्रम संपत नाही आणि तुम्ही दात घासायला सांगता?" हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. पण दाढ दुखणारं मूल वजाबाकी करत नाही, गाल धरून बसतं. ते तास कुठल्या हिशेबात धरता?

शासनाचं काहीच नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून शाळांत येतं आणि दातही तपासतं. तार असलेल्या मुलाचे पालक सांगतात, "आमचं खासगी डॉक्टरांकडं चालू आहे, दाखवायची गरज नाही." दाखवा. हिरड्या आणि डाग बघायला दुसऱ्या डोळ्यांनी बिघडत नाही. राज्याच्या स्वच्छ मुख अभियानासाठी तर २०२३ साली सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत केलं. मुलांना सचिनचं नाव सांगितलं की डोळे चमकतात, त्याचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही. मात्र भिंतीवर चित्र लावलं म्हणून दुपारी सव्वा वाजता नळावर रांग लागत नाही. ती लावायला वर्गशिक्षकच लागतो.

पालकांसाठी आणखी एक. तोडणीच्या, लग्नसराईच्या, वारीच्या गडबडीत डॉक्टरांची तारीख पुढं ढकलली जाते. "दुखत तर नाही ना, मग पुढच्या महिन्यात जाऊ." तार दुखत नाही म्हणजे काम करत नाही, असंही असू शकतं. शाळा बुडते म्हणून तारीख टाळत असाल तर तसं करू नका, वर्गशिक्षकांना सांगा, अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळते.

आणि तार निघाल्यावर जी काढता-घालता येणारी प्लेट देतात ती सांगितली तितके महिने वापरायची, नाहीतर दात पुन्हा जुन्या जागी सरकायला लागतात. जेवताना मूल ती काढून कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवतं आणि कागद खरकट्याबरोबर टोपलीत जातो. प्लेटसाठी झाकणाची डबी घ्या, तिच्यावर मुलाचं नाव लिहा, आणि ती वर्गात कुठं ठेवायची ते पहिल्याच दिवशी बाईंना किंवा सरांना भेटून ठरवा.