लेकीची सालगिरह



गेल्या महिन्यात आमची थोरली पंचवीस वर्षांची झाली. पंधरा दिवस आधीच तिने बजावलं होतं, "अम्मी, या वर्षी काही करू नका. तारीख आली की सगळे माझं वय मोजायला बसतात."

खोटं नव्हतं. गेल्या वर्षी केक कापून झाला आणि माझ्या थोरल्या नणंदेने, म्हणजे मुलांच्या फूफीने, भरल्या घरात विचारलं, "चोवीस झाली, रिश्त्याचं काय?" मुलगी ताटं उचलायच्या निमित्ताने आत गेली. आणि मी? हसून विषय बदलला. वर्गात एखादं पोर दुसऱ्याला हिणवतं तेव्हा मी हातातला खडू ठेवून बोलते. घरात मात्र पाहुणी नाराज होईल म्हणून गप्प बसले. मुलीने ते मनात ठेवलंय, हे मला या वर्षी कळलं.

सासूबाईंचा विरोध वेगळ्या कारणाने. मेणबत्त्या फुंकणं ही आपली रीत नव्हे, आणि उम्रचं एक वर्ष घटलं त्यात खुशी कसली, असं त्यांचं म्हणणं. आपल्यातले काही उलमा वाढदिवसाला मनाईच करतात, काही साधेपणाने केला तर हरकत घेत नाहीत. मी आलिमा नाही, फैसला देणार नाही. पण सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे, की सोमवारच्या रोजाबद्दल विचारलं तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या दिवशी आपला जन्म झाल्याचं सांगितलं. जन्माच्या दिवशी शुक्र अदा करावा, एवढा अर्थ मी माझ्यापुरता घेते.

तसं पाहिलं तर सासूबाईंच्या पिढीत तारखा ठाऊक तरी कुणाला होत्या? आमच्या ह्यांचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातल्या रमजानचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली १ जून. जुनं जनरल रजिस्टर उघडलं की असे एक जूनवाले पानोपानी भेटतात.

तर ठरलं. केक नाही, पाहुणे नाहीत, स्टेटसला फोटो नाही. रविवारी जोहरनंतर घरातली पाच माणसं दस्तरखानावर बसलो. तिच्या आवडीचा दालचा-खाना, वर शेवयांची खीर. ह्यांनी दुआ केली. आणि मग ज्यांना सालगिरह नको होती, त्या सासूबाईच बोलू लागल्या. ती झाली त्या रात्रीचा पाऊस, रिक्षा मिळेना म्हणून शेजाऱ्याच्या टेम्पोतून मला दवाखान्यात नेलेलं, टेम्पोत कांद्याची पोती. पहाटे बाळाच्या कानात अजान देताना ह्यांचा आवाज असा कापत होता, की दाईने विचारलं, "मुलगी झाली म्हणून रडताय का?" ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि अजान पुरी केली.

मुलीने हे कधी ऐकलंच नव्हतं. ती बापाकडे बघत राहिली. हे खिरीच्या वाटीत बघत राहिले.

धाकट्याने तेवढ्यात मोबाइलवर हिशेब केला. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, तेव्हा हिजरीप्रमाणे बाजी जवळजवळ पावणेसव्वीस! "दादी, तुमच्या कॅलेंडरने तर मी अजून म्हातारी," असं म्हणत ती हसली. वयावरून ती हसलेली मी बऱ्याच दिवसांनी पाहिली.

तेवढ्यात फोन वाजला. नणंदबाईच. मुबारकबाद देऊन झाली, आणि पुढे काय येणार ते मला समजलं. मुलगी समोरच बसली होती.

मी म्हणाले, "आपा, रिश्त्याचं बोलायचं असेल तर माझ्याशी बोला, आपण दोघीच असताना. तिच्यासमोर पुन्हा नको."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. माझ्या हाताला घाम फुटला होता. मग आपा म्हणाल्या, "दालचा केलाय ना? उरलाय का थोडा?"

मुलीने न सांगताच डबा भरायला घेतला.