गाण्याची जागा कोण राखतो?

चळवळ गाण्यावर वाढते, असे आपण सभांतून नेहमी सांगतो. परंतु गाणे जेथे रुजते त्या जागेचे भाडे कोण भरतो, खुर्च्या कोण मांडतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या सॅराटोगा स्प्रिंग्ज या गावच्या ‘कॅफे लेना’चा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

1960 साली लेना आणि बिल स्पेन्सर या दांपत्याने एका माडीवर हे कॉफीगृह उघडले. थोडा पैसा साठवून पुढे निघून जावे, एवढाच मूळ बेत होता. तो फसला, पतीही सोडून गेला. पण 1989 मध्ये मृत्यू येईपर्यंत लेनाबाईंनी लोकसंगीताचे हे घर चालविले. बॉब डिलन 1961 साली, कोणी ओळखत नव्हते तेव्हा, येथे गायले.

यूटा फिलिप्स यांची हकीकत आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या 1905 साली स्थापन झालेल्या लढाऊ कामगार संघटनेचे ते सभासद. 1968 मध्ये युटा राज्यातून त्यांनी ‘पीस अँड फ्रीडम’ पक्षातर्फे सेनेटची निवडणूक लढविली. ते हरले आणि सरकारी अभिलेखागारातील नोकरीलाही मुकले. अशा माणसाला या कॉफीगृहाने आसरा दिला. पुढे कामगारांची गाणी आणि गोष्टी घेऊन ते देशभर हिंडले.

तथापि, लेनाबाईंच्या त्यागाचे गोडवे गाऊन थांबणे योग्य नव्हे. पैशाची ओढाताण अखेरपर्यंत संपली नाही आणि मुख्य भार एकाच बाईच्या खांद्यावर राहिला. एका व्यक्तीवर उभी असलेली संस्था तिच्यामागे कोसळते, हा सार्वत्रिक अनुभव. येथे मात्र मित्रांनी व श्रोत्यांनी नफा न घेणारी संस्था उभारली. दारावर तिकिटे देणे, कॉफी पोचविणे, आवराआवर करणे ही कामे स्वयंसेवकांनी वाटून घेतली. 2016 मध्ये जागेचे नूतनीकरण झाले आणि गाणे आजही चालू आहे.

येथे समाजवाद्याने एक आक्षेप घेतलाच पाहिजे. बिनपगारी श्रमाचे कौतुक मालकवर्गालाही आवडते! मग स्वयंसेवा आणि वेठ यांत फरक कोणता? कसोट्या तीन आहेत. श्रमातून वाचलेला पैसा कोणाच्या खिशात जातो? गाणाऱ्याला त्याच्या कलेचे मोल मिळते की त्यालाही ‘सेवा’च करावी लागते? आणि खुर्च्या उचलणाऱ्याला कारभारात मत असते काय? या कसोट्यांना उतरेल तीच स्वयंसेवा. एरवी ती शोषणाचीच सोज्वळ आवृत्ती होय.

आपली वाचनालये, कलापथके आणि अभ्यासमंडळे आपण याच कसोट्यांवर पारखली पाहिजेत. एका कार्यकर्त्याने आयुष्य झिजवावे आणि इतरांनी त्याच्या शोकसभेला जमावे, ही रीत आता पुरे. तो हयात असतानाच किल्ल्या, हिशेबवह्या आणि झाडू दहा हातांत वाटले गेले पाहिजेत.