नातीचा घास आणि खोपोलीची सहल

भाऊबीज झाली आणि आमच्या थोरल्या मुलाने जाहीर केले, यंदा पोरांना खोपोलीच्या इमॅजिकाला न्यायचे. मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीने कामाला जातो. बोनस हातात आला होता, सुट्टीही जोडून मिळाली होती. आम्ही न्हावऱ्याची माणसे. आमच्या लहानपणी सहल म्हणजे शाळेने ठरवलेली एसटी, पुण्यातले पेशवे पार्क आणि तिथली १९५६ साली सुरू झालेली फुलराणी. जेवण म्हणजे फडक्यात बांधलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. खायला नको म्हणणारे पोर त्या एसटीत एकही नव्हते. आता २०१३ साली सुरू झालेल्या त्या भल्यामोठ्या उद्यानाची जाहिरात आमच्या नातवंडांना तोंडपाठ आहे. मुलगी-जावई, त्यांची दोन पोरे, आमचा मुलगा, सून आणि सव्वादोन वर्षांची नात असे मिळून गावातली तुफान गाडी ठरवली.

नात म्हणजे घरातले खरे संकट. खात नाही. वरण-भात समोर ठेवला की तोंड फिरवते, भाजीचे हिरवे पान दिसले की ताट ढकलते, दूध आणि बिस्कीट मात्र मागून घेते. सून बिचारी वाटी घेऊन तिच्यामागे अंगणभर फिरते. आळीतल्या बायका येता-जाता म्हणतात, "पोरगी वाळली गं, काही खाऊ घालतेस की नाही?" ते ऐकून सुनेचा चेहरा पडतो. खरे सांगायचे तर असे बोलणाऱ्यांत आम्हीही होतो.

पहाटे पाचला निघालो. न्हावऱ्याहून तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, चाकण, मग दुसरे तळेगाव म्हणजे दाभाड्यांचे, आणि तिथून द्रुतगती मार्ग. एका तळेगावातून दुसऱ्या तळेगावात पोचायलाच सकाळ गेली, कारण चाकणच्या ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. एवढ्या वेळात पोरीने दोन बिस्किटांखेरीज काही घेतले नव्हते. आम्हाला राहवेना. आम्ही तिला मांडीवर घेतले, एका हाताने गाल दाबले आणि मऊ खिचडीचे चार घास आत ढकलले. वाटले, जिंकलो. घाट सुरू झाला आणि चारही घास आमच्या नव्या लुगड्यावर परत आले. जावयांसमोर गाडी थांबवून बाटलीच्या पाण्याने लुगडे धुवायची पाळी आली. त्यानंतर वाटी नुसती दिसली तरी पोरगी किंचाळायला लागली.

उद्यानात दिवस चांगला गेला, तो मोठ्यांचा. आधी फोन करून विचारले होते, म्हणून आमचे डबे गाडीत राहिले आणि तान्हीचा छोटा डबा तेवढा बरोबर नेला. (अशा ठिकाणी बाहेरचे खाणे बहुधा आत नेऊ देत नाहीत, लहान बाळापुरती बहुधा सवड असते, निघण्याआधी विचारून घेतलेले बरे, दारात वाद घालू नये.) पोरगी पाळण्यात बसली, रंगीत बाहुल्यांना हात हलवले, पाणी पुष्कळ प्याली. खाल्ले काय? केळ्याचा एक तुकडा. दुपारी भाच्यांच्या हातात वेफर्सचे पाकीट दिसले तेव्हा तिने भोकाड पसरले. मुलगा म्हणाला, "आई, देऊन टाक, निदान काहीतरी पोटात जाईल." सून म्हणाली, "आज दिले की उद्यापासून तेच मागेल." दोघे भर गर्दीत एकमेकांवर चिडले. एवढा पैसा खर्चून आलो आणि वेफर्सच्या पाकिटावरून घरातली दोन माणसे एकमेकांकडे बघेनाशी झाली. आम्ही मध्ये पडलो नाही, कारण सकाळचे लुगडे अजून ओलेच होते.

परतीच्या वाटेवर संध्याकाळी एका झाडाखाली गाडी थांबवली. चटई अंथरली, गाडीतले डबे उघडले. सकाळी निघताना सुनेने दशम्या केल्या होत्या, दुधात आणि गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून. दशमी दोन दिवस टिकते, मऊ राहते, प्रवासाला याहून चांगले काही नाही. सगळे आपापले खात होते. दिवसभर दमल्यामुळे पोरीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. ती हळूच मोठ्या आतेभावाजवळ जाऊन बसली, त्याच्या हातातली दशमी ओढली आणि खाऊ लागली. एक संपली. दुसरी घेतली, ती अर्धी खाल्ली. वर उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग खाल्ला. सून बघत राहिली, आम्ही बघत राहिलो, कोणी तोंडातून शब्द काढला नाही.

आम्ही जबरदस्ती का केली, हा प्रश्न घरी आल्यावर आम्हाला सुटेना. पोरगी उपाशी मरत होती असे नव्हते. तिने ताट ढकलले की आमच्या पोटात कळ येते, ती वेगळ्या कारणाने. आमच्या आईने तिच्या लहानपणी येसकराच्या पाळीची भाकरी पाहिली होती. घोंगडी आणि काठी घेऊन घरातला माणूस दारोदार जायचा, टोपल्यात पडतील ते शिळे तुकडे आणायचा, ते वाळवून ठेवायचे आणि पुन्हा शिजवून खायचे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घराने ती टोपली कायमची खाली ठेवली. पण आई जाईपर्यंत ताटात शीत राहिले की बोटाने पुसून खायची आणि आमच्या ताटांवर नजर ठेवायची. तीच नजर आता आमच्या डोळ्यांत आहे. अन्न नको म्हणता येणे ही आमच्या घरात नवी गोष्ट आहे. ती पहिल्यांदा एका सव्वादोन वर्षांच्या पोरीला जमली आहे आणि आम्हाला तिचा राग येतो. हे लिहिताना लाज वाटते, पण असेच आहे.

नंतर आम्ही अंगणवाडीताईंकडे गेलो. वजनाचा तक्ता उघडला. पोरीची रेघ चढतच होती, सावकाश पण चढत होती. ताईंनी समजावले ते असे. बाळ जन्मते तेव्हा साधारण तीन किलोचे असते आणि वर्षभरात त्याच्या तिप्पट, म्हणजे नऊ किलोच्या आसपास होते. दुसऱ्या वर्षात मात्र वाढते दोन-अडीच किलोच. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आपण पहिल्या वर्षाची भूक लक्षात ठेवून वाटी भरतो आणि पोर अर्धी टाकते. शिवाय दोन वर्षांच्या आसपास अनोळखी पदार्थाची भीती वाटणे हा त्या वयाचा स्वभावच आहे. एखादी भाजी पोराने आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा नुसती पाहावी, हाताळावी, थुंकावी, तेव्हा कुठे ती ओळखीची होते. आपण तिसऱ्या वेळी कंटाळतो आणि म्हणतो, याला ही आवडतच नाही.

अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टर बाईंनी फार पूर्वी एक प्रयोग केला होता. त्यांनी १९३९ साली माँट्रियलच्या वैद्यकीय सभेत तो मांडला. पंधरा मुलांपुढे चौतीस साधे पदार्थ ठेवायचे, दाईने ना आग्रह करायचा ना नको म्हणायचे; मूल बोट दाखवेल ते द्यायचे. एखादे पोर एका वेळी नुसती अंडीच खाई, दुसऱ्या वेळी नुसती केळी. पण महिन्यांच्या हिशेबाने सगळी चांगली वाढली. यावरून कोणी म्हणेल, मग पोरांना मोकळे सोडा. थांबा. त्या चौतीस पदार्थांत साखर नव्हती, मिठाई नव्हती. बाईंनी स्वतःच सांगितले होते की खरी गोम त्या यादीत आहे. म्हणजे समोर काय ठेवायचे ते मोठ्यांनी ठरवायचे, त्यातले किती खायचे ते पोराने. आमच्या सुनेचे वेफर्सबाबत बरोबर होते आणि आमचे गाल दाबणे चूक होते, असा त्याचा आमच्या घरापुरता निकाल.

मात्र "आपोआप खाईल" म्हणून सगळेच सोडून देण्यासारखी आपली स्थिती नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली जवळजवळ एकोणसत्तर मुले रक्त कमी असलेली निघाली. यात मोठा हात कशाचा, तर आपल्या घरोघरच्या दोन सवयींचा विचार करावा. एक, चहा. कपात चपाती किंवा बटर बुडवून पोराला सकाळीच देतो. पोट भरते, भूक मरते आणि जेवणातले लोह अंगी लागत नाही. दुसरी, दूध. पोर जेवत नाही म्हणून बाटलीमागून बाटली. दिवसाला अर्धा लिटर दूध त्या वयाला पुष्कळ झाले. त्याहून जास्त गेले की जेवायला पोटात जागा राहत नाही, आणि दुधात लोह नाममात्र. त्यापेक्षा बाजरीची भाकरी कुस्करून वरणात, राजगिऱ्याचा मऊ लाडू, अंडे, महिन्यातून दोनदा कलेजी, वर लिंबू पिळून किंवा पेरूची फोड देऊन. अंगणवाडीतून लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा द्यायला मिळते, तेही कपाटात ठेवून देऊ नये.

प्रवासाबद्दल दोन शब्द, कारण उन्हाळ्यात पुष्कळ घरे बाहेर पडतील. घाट लागण्याआधी पोट गच्च भरू नये, थोडे थोडे द्यावे. पाणी घरचे उकळलेले घ्यावे आणि पोराला मागायची वाट न बघता पाजावे. अंडी सालीसकट न्यावीत, सोलून नव्हे, आणि दुपारपर्यंत संपवावीत. दूध-भात उन्हात नेऊ नये. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षे धावत्या गाडीत या वयाच्या पोराच्या हाती देऊच नयेत. घशात अडकले तर घाटात कोण सोडवणार? एक दिवस पोर कमी जेवले तर काही बिघडत नाही. पण सात-आठ तास लघवी झाली नाही, पोर मलूल पडले, वजनाची रेघ खाली वळली किंवा प्रत्येक घासाला ठसका लागला, तर घरच्या उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे.

आता घरी आम्ही असे करतो. पोरीचे छोटे ताट सगळ्यांच्या ताटांबरोबर मांडतो, त्यात दोन चमचे वाढतो, अर्ध्या तासाने उचलतो. कोणी वाटी घेऊन मागे फिरत नाही. काही दिवस ती जेवते, काही दिवस उठून जाते. मेथी अजून थुंकते. आमच्या मोजणीने सहा वेळा झाले. आळीतल्या बायकांना आम्हीच सांगतो, सुनेला बोलू नका, तक्ता बघायचा तर अंगणवाडीत या. पोरीचा चहा बंद केला. आमचा चालू आहे. ती कपाकडे टक लावून बघते, म्हणून सध्या तो आम्ही चुलीकडे तोंड करून पितो.